संगीतरत्न अब्दुल करीम खाँ आणि त्यांच्या तबकड्या

आमच्या बेळगाव-निपाणी भागातून पुष्कळ माणसे मिरजेला जातात, ती मुख्यतः दवाखान्यासाठी. औषधपाण्याचे काम आटोपून गाडीला अवकाश असला, तर कोणी सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांपुढे क्षणभर रेंगाळतो, कोणी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन येतो. या दर्ग्याच्या परिसरातच एका गायकाची कबर आहे. त्या गायकाचा जन्म मिरजेचा नव्हे, त्याची मातृभाषाही मराठी नव्हती. परंतु मिरज, धारवाड, हुबळी या टापूत आज जे गाणे घरोघर आपले म्हणून ऐकले जाते, त्यातील फार मोठा भाग या एका परप्रांतीयाने आणून येथे रुजविला. त्यांचे नाव खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. विद्यार्थी मित्रांनो, त्यांचे चरित्र सांगताना त्यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण माझा आणि खाँसाहेबांचा परिचय झाला तो एका तबकडीमुळेच.

माझे आजोबा सावंतवाडीकडून बेळगावास आले. आमच्या घरी आजही कोंकणी बोलतात. आजोबांच्या सामानात किल्लीचा एक ग्रामोफोन होता आणि सोबत पंधरावीस काळ्या तबकड्या. त्यांतील एका तबकडीला कडेपासून दोन बोटे आत अशी भेग गेलेली होती. सुई त्या भेगेवर आली की दर फेऱ्याला टक् असा आवाज होई. तरीसुद्धा ती तबकडी आजोबांनी टाकली नाही. लहानपणी मला त्या गाण्यापेक्षा त्या टक्‌टक्‌चीच अधिक मौज वाटत असे. गाणे कोणाचे, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. हे गाव त्या काळी मुजफ्फरनगर जिल्ह्यात मोडत असे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणे आणि सारंगी चालत आलेली. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार आणि तबला या वाद्यांवरही त्यांचा हात बसला होता. वाद्य नुसते वाजविणेच त्यांना येत होते असे नाही. बिघडलेले वाद्य स्वतः उघडून दुरुस्त करण्याचा त्यांना छंद होता, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे ते प्रवासातही जवळ बाळगीत. ज्या मिरजेत पुढे त्यांनी घर केले, ते गाव तंतुवाद्यांच्या कारागिरांचे असावे, हा मोठा सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

तारुण्यात भाऊ अब्दुल हक यांच्या जोडीने गात गात ते बडोद्यास आले. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात दोघा भावांच्या गाण्याचा लौकिक झाला. तेथेच सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे प्रेम जमले. एका सरदारकन्येने एका मुसलमान गवयाशी संसार थाटावा, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यात खपण्यासारखी नव्हती. उभयतांना बडोदे सोडावे लागले. मुंबई करून ते पुढे मिरजेस आले. कैरान्याहून निघालेला हा प्रवासी दरबाराचा आश्रय गमावून आमच्या दारी आला तो असा. एखाद्याला एका ठिकाणाहून उठावे लागते आणि त्यामुळे दुसऱ्या ठिकाणचे लोक श्रीमंत होतात, असे इतिहासात अनेकदा घडलेले दिसते. मात्र जो उठतो त्याला त्या वेळी काय वाटत असेल, हे इतिहास लिहीत नाही.

मिरजेत प्लेगची साथ होती. खाँसाहेबही त्या दुखण्यात सापडले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाण्याची सेवा केल्यावर बरे झाले, अशी कथा मिरजेत श्रद्धेने सांगितली जाते. तेव्हापासून उरुसात दर्ग्यासमोर बसून गाण्याचा नेम त्यांनी पाळला.

याच सुमारास, म्हणजे 1904-05 साली, खाँसाहेबांचे गाणे प्रथम तबकडीवर उतरले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा पहिला मोठा प्रयोग 1902 साली कलकत्त्यास झाला होता. ग्रामोफोन कंपनीचे गोरे तंत्रज्ञ यंत्र घेऊन आले होते, आणि गोहरजान या प्रसिद्ध गायिकेने त्यांच्यासाठी गाऊन दाखविले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत कंपनीचे दुसरे पथक आले, त्या वेळी खाँसाहेबांची पाळी आली.

आज खिशातल्या फोनवर कोणीही आवाज मुद्रित करतो, म्हणून तो काळ थोडा समजावून सांगितला पाहिजे. त्या यंत्राला वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गायकाने त्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गायचे. त्या आवाजाच्या जोराने पलीकडे एक पातळ पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई हाले, आणि फिरत्या मेणाच्या चकतीवर ती सुई नागमोडी रेघ ओढीत जाई. साथीदार कोठे बसवायचे हेही मोजून ठरवावे लागे. तबला फार जवळ आला तर गाणे बुडे, फार दूर गेला तर नाहीसा होई. चूक झाली तर खोडून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. मेण बदलून सारे पहिल्यापासून. आणि वेळ मिळे तो अवघा तीन मिनिटांचा, फार तर त्याहून थोडा अधिक.

मेणाच्या त्या चकत्या बोटीने जर्मनीत हानोव्हरला जात. तेथे त्यांवरून साचे तयार होत आणि तबकड्या छापल्या जात. कलकत्त्यात सियालदह येथे कंपनीचा कारखाना 1908 साली निघाला, तोवर हाच क्रम होता. आणखी एक गंमत अशी, की तबकडीचा मुख्य पदार्थ म्हणजे लाख; आणि ती लाख आपल्याच देशातल्या रानांतून मिळे. हिंदुस्थानच्या झाडांवरचा पदार्थ आणि हिंदुस्थानच्या गवयाचा आवाज हे दोन्ही समुद्र ओलांडून परदेशी भेटत, आणि मग एकत्र होऊन परत येत.

पुष्कळ उस्तादांना तबकडी नको होती. कारण समजण्यासारखे आहे. ज्या चिजेसाठी शिष्याने वर्षानुवर्षे गुरूच्या घरी पाणी भरायचे, ती चीज कोणीही चार पैसे देऊन विकत घ्यावी आणि पाहिजे तितक्या वेळा उलटसुलट ऐकून पाठ करावी, हे घराण्याच्या अभिमानाला रुचणारे नव्हते. शिवाय राग मांडायचा म्हटला तर एकेका स्वराची ओळख पटवीत तास दीड तास जावा. तो तीन मिनिटांत कसा कोंबावा? या दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते, आणि ते आजही नाकारता येत नाही. खाँसाहेब तरीही गायले. त्या वेळच्या तबकड्यांत तिशीतल्या गवयाचा आवाज आहे. त्यात चपळाई आहे, तानांची धावपळ आहे. मिळालेल्या वेळात शक्य तितके सारे दाखवून टाकण्याची ती तरुण माणसाची घाई असावी, असे मला वाटते.

पुढची वीस-पंचवीस वर्षे खाँसाहेबांनी अखंड प्रवासात काढली. म्हैसूरच्या दरबारात त्यांना वारंवार बोलावणे येई. संगीतरत्न ही पदवी त्यांना तेथेच मिळाली. मिरजेहून म्हैसूरला जाताना बेळगाव, धारवाड, हुबळी ही गावे वाटेतच लागतात. वाटेत मुक्काम होत, मुक्कामात मैफली होत, मैफलींतून शिष्य मिळत. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांचे येणेजाणे असे, आणि त्याच गावच्या रामभाऊंना त्यांनी तयार केले. हेच रामभाऊ पुढे सवाई गंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या रंगभूमीवर आणि मैफलीत गाजले. कोल्हापुरात त्यांनी काही महिने केरी गावच्या एका लहान गोमंतकीय मुलीला शिकविले. ती मुलगी म्हणजे केसरबाई केरकर. केसरबाईंची खरी तालीम पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे झाली हे खरे. पण कोंकणी घरातल्या या मुलीच्या गळ्यावर पहिले काही संस्कार आमच्या खाँसाहेबांचे, याचा मला थोडा अधिकच आनंद होतो, तो वाचकांनी पोटात घालावा. केसरबाईंची एक भैरवी 1977 साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अवकाशात पाठविली गेली आहे.

दक्षिणेत हिंडताना खाँसाहेबांनी कान उघडे ठेवले. कर्नाटक संगीतातील स्वरनामे घेऊन गाण्याची पद्धत त्यांना आवडली आणि आपल्या गाण्यात सरगम त्यांनी मोठ्या प्रेमाने आणली. उत्तरेकडच्या किती उस्तादांनी त्या काळी दक्षिणेच्या गायकांसमोर शिष्यासारखे बसावे? धारवाडला गंगूबाई हनगल यांच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक पद्धतीने गात, त्यांचे गाणे ऐकण्यास खाँसाहेब येत असत.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. सप्तकात बावीस श्रुती नेमक्या कोठे आहेत, हे मोजून काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. तारेची लांबी मोजून स्वर ठरवायचा तर तो स्वर आधी कोणी तरी अचूक गाऊन दाखविला पाहिजे. ते काम खाँसाहेबांनी केले. देवलांचा ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध झाला. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानेही या कार्यात लक्ष घातले. एका टोकाला शास्त्र मोजणारा हिंदू अंमलदार, दुसऱ्या टोकाला गोरा अधिकारी आणि मध्ये तंबोरा लावून बसलेले खाँसाहेब, हे दृश्य मला फार आवडते. लहान मुलांना मात्र दुसरी गोष्ट अधिक आवडेल. खाँसाहेबांच्या पदरी टिपूमियाँ नावाचा कुत्रा होता, आणि त्याला स्वरात स्वर मिळवून ओरडायला त्यांनी शिकविले होते, असे सांगतात.

1913 साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. मुलांनी तेथेच राहावे, तेथेच जेवावे आणि शिकावे. खर्च कोठून आणायचा? खाँसाहेब जलसे करीत आणि त्या पैशावर विद्यालय चाले. गोमंतकाशी नाते असलेले बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे या शिष्यवर्गापैकी. त्यांनी लिहिलेले गुरूचे मोठे जीवनचरित्र 1972 साली प्रसिद्ध झाले. विद्यालय चालविणे आणि सतत फिरत राहणे या दोन गोष्टी एकाच माणसाकडून किती दिवस निभतील, हा प्रश्नच होता. पैशाची चणचण कायम होती.

आणि मग 1922 साल उजाडले. त्या वर्षी ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांच्या घरातून कायमच्या बाहेर पडल्या. घराच्या आतले दुःख बाहेरच्यांनी मोजू नये. दोष कोणाचा किती, हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. एवढेच खरे, की मुलांनी पुढे बापाचे नाव लावले नाही. थोरला अब्दुल रहमान हा सुरेशबाबू माने झाला. चंपाकळी ही हिराबाई बडोदेकर झाली. कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वती राणे ही बाकीची भावंडे. ही सारी गाण्यातच राहिली. हिराबाईंनी तिकीट लावून खुल्या रंगमंचावर गाऊन कुलीन स्त्रियांना मैफलीचा मार्ग मोकळा केला. त्यांच्या तबकड्याही घरोघर गेल्या. नाव बदलले, तरी सूर लावण्याची रीत कोठे बदलते? जुन्या संग्रहांत बापाची तबकडी आणि मुलीची तबकडी पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवलेली असते. आमच्या आजोबांच्या पेटीतही तशीच होती.

साठीला आल्यावर खाँसाहेब पुन्हा ध्वनिमुद्रणास बसले, ते ओडियन या जर्मन कंपनीसाठी. आता कर्णा जाऊन विजेचा मायक्रोफोन आला होता. ओरडून गाण्याची गरज उरली नव्हती. हलका स्वर, श्वासाचा कंप, तंबोऱ्याचा झंकार, हे सारे आता तबकडीवर उतरत होते. खाँसाहेबांचा आवाजही बदललेला होता. तो बारीक आणि टोकदार झाला होता, आणि त्यात एक ओढ होती. गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात मी त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकविली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलाने यंत्राचा वेग चुकला आहे असे मला अदबीने सांगितले. हा पुरुषाचाच आवाज आहे हे त्याला पटेना. वेग बरोबर होता.

या शेवटच्या तबकड्यांत खाँसाहेब घाई करीत नाहीत. वेळ तोच, तीन मिनिटांचा. परंतु एखाद्या स्वरावर ते असे थांबतात, की जणू रात्र पुढे सगळी मोकळी आहे. बसंत, मारवा, शुद्ध कल्याण, जोगिया असे राग त्यांनी गायले. 'मानापमान' नाटकातील पद गायले. खरहरप्रिया रागातली त्यागराजांची तेलुगू कृतीसुद्धा गायली. कैरान्याचा मुसलमान गवई, मिरजेचा रहिवासी, तेलुगू रामभक्ताची रचना जर्मन कंपनीच्या यंत्रासमोर गातो आहे! त्यांच्या तेलुगू उच्चारांना जाणकारांनी नावे ठेवली तर ठेवोत बापडे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. तबकडीत आहे ते सारे खाँसाहेब नव्हेत. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले ती पिढी संपली. एकेका रागाचा त्यांनी मैफलीत केलेला तासाभराचा विस्तार कोणत्याही यंत्रावर उतरलेला नाही, आणि तो आता परत मिळणे नाही. बारीक टाइपात छापलेल्या सारांशावरून आपण मूळ ग्रंथाचा अंदाज करतो, तसे आपले झाले आहे. याबद्दल हळहळ वाटावी की जे उरले त्याचा आनंद मानावा, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

याच काळात सातासमुद्रांपलीकडे न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ असाच प्रकार चालला होता. पूर्व युरोपातून छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून लक्षावधी यहुदी अमेरिकेत आले होते. त्यांच्यात लग्नकार्यांत वाजविणारे वाजंत्री होते. आपल्याकडे सनई-चौघड्याला जे स्थान, ते त्यांच्याकडे सारंगीच्या जातीच्या व्हायोलिनला आणि सनईच्या जातीच्या क्लॅरिनेटला. त्या वादकांना क्लेझमर म्हणत. एब श्वार्ट्झ आणि हॅरी कँडेल या ताफेप्रमुखांनी 1917 सालापासून, आणि नाफ्तुले ब्रांडवाइन, डेव्ह टारस या क्लॅरिनेटवादकांनी 1920 नंतर, रात्ररात्र चालणारे ते लग्नाचे वादन तीन तीन मिनिटांच्या तबकड्यांत बसविले. पुढे त्यांच्याच मुलांना ते जुनाट वाटू लागले. युरोपातील ती मूळ गावे दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली आणि तेथे वाजविणारेही उरले नाहीत. 1970 नंतर तरुण यहुदी वादकांना आपले संगीत पुन्हा शिकावेसे वाटले, तेव्हा गुरूच्या ठिकाणी त्यांना त्या खरखरत्या तबकड्याच मिळाल्या.

आपल्याकडे सुदैवाने इतका खंड पडला नाही. येथे शिष्यही होते आणि तबकडीही होती. गदगच्या एका शाळामास्तरांचा मुलगा दुकानात वाजणारी तबकडी ऐकत रस्त्यातच उभा राही. खाँसाहेबांची ती झिंझोटीतली ठुमरी त्याने ऐकली आणि असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे, या वेडाने तो अकराव्या वर्षी घर सोडून पळाला. गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर अशी भटकंती करून तो शेवटी परतला तो घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या पायाशी. हाच मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. आपल्या शाळेतील पालकांनी ही गोष्ट वाचून घाबरू नये. प्रत्येक पळालेला मुलगा भीमसेन होत नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगते.

1937 सालच्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेस गाण्यासाठी गेले. तेथून त्यांना पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात जावयाचे होते. रात्रीच्या गाडीत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोविल नावाचे एक लहानसे स्थानक आले, तेथे ते शिष्यांसह उतरले. फलाटावरच अंथरूण घातले. आपला शेवट जवळ आला हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी नमाज पढला, आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराचे नाव गात ते आडवे झाले. ती 27 ऑक्टोबरची तारीख होती. पासष्टावे वर्ष पुरे व्हायला पंधरा दिवस उरले होते. हे गाणे मात्र कोणी मुद्रित केले नाही. तेथे होते ते शिष्य आणि रात्रीच्या वेळचा फलाट.

त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात अजूनही गाण्याच्या बैठकी होतात. गाणारे लहानमोठे सारेच तेथे बिदागीची अपेक्षा न ठेवता हजेरी लावतात, आणि ऐकणारे जमिनीवर बसतात. निपाणीच्या माझ्या आत्याबाई एका वर्षी मला तेथे घेऊन गेल्या. पहाटेचे तीन वाजले असतील. कोणी तरी तरुण गायक जोगिया गात होता, आणि एका जागी तो थांबला, तेव्हा मला उगीचच वाटले, की आता टक् असा आवाज होणार.